माळावरची हजेरी

ये, फोनच्या जवळ ये जरा, आणि आधी ते हसणं थांबव. माकडटोपी, तिच्यावर सुनेची गुलाबी लोकरी टोपी, हातात तीन कुत्र्यांचे पट्टे. मी पाठवलेला फोटो हसण्यासारखाच आहे, कबूल. पण मी फार हसून बसलेय गं त्या माणसाला.

हे दामले भाऊजी, नागपूरचे निवृत्त हेडमास्तर. मी लेकीकडे आले तसे ते इथे परदेशात, सँडीफोर्डला मुलाकडे आले आणि करोनात विमानं बंद झाल्यावर अडकले. आमच्या इमारतीतल्या नर्सबायांच्या ड्यूट्या लांबल्या, तेव्हा भाऊजींनी त्यांची कुत्री फिरवायला घेतली. कुत्र्यांनाही अहो-जाहो. "मर्फीराव, रांगेत चला. बेलीबाई, लक्ष कुठंय तुमचं?"

दिवेलागणीला माणसानं घरात असावं. यांचं उलटं. जानेवारीत इथे साडेचारलाच अंधारून येतं, तर हे नेमके तेव्हा मागच्या डोंगरावर, बर्फाच्या माळावर उभे. आणि तिथे मोठ्यानं कुत्र्यांची हजेरी घ्यायची.

"भाऊजी, पाय घसरला म्हणजे?"

"ग्रँड आहे, वहिनी." इथले लोक 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात; हा शब्द शिकले आणि सगळीकडे लावला. गुडघा कसा आहे? ग्रँड. आमटी खारट झाली का? ग्रँड.

इथल्या आपल्या मराठी मंडळींत त्यांची टिंगल व्हायला लागली, तशी मला लाज वाटली. काळजीचं नाव पुढे करून मी त्यांच्या मुलाला, समीरला सांगितलं. तो डॉक्टर. त्यानं बापाचे बूट गाडीच्या डिकीत टाकून कुलूप लावलं.

सहा दिवस भाऊजी खिडकीत बसून होते. सातव्या दिवशी माझ्या दारात.

"वहिनी, जावईबापूंचे बूट देता? विमलला सहा दिवस माळ दाखवला नाही."

विमल म्हणजे त्यांची बायको. नागपुरात बहिणीकडे, अर्धांगानं अंथरुणावर.

"चाळीस वर्षं म्हणत होती, एक कुत्रं पाळू या. मी म्हणायचो, घराचा काय पांजरपोळ करायचाय? आता फोनवर रोज दाखवतो. मी नाव पुकारलं की त्यांच्या वतीनं ती 'हजर' म्हणते. तेवढंच बोलते. घरातून फोन केला तर तेही नाही."

मी दोन-दोन मोजे चढवून सोबत गेले. ऊन पार खाली गेलेलं, बर्फावर कोऱ्या चहासारखा उजेड. भाऊजींनी फोन समोर धरला.

"मर्फीराव."

विमलवहिनी बघत होत्या. ओठ हलले नाहीत.

"फिनराव. बेलीबाई. अगं विमल, बेलीबाई आल्यात बघ."

काही नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. मार्चमध्ये त्या गेल्या. समीर म्हणाला, "काकू, आजारच तसा होता, सहा दिवसांनी काय फरक पडणार होता?" भाऊजींना मी हात जोडले, तर म्हणाले, "ग्रँड आहे, वहिनी." माझ्याकडे न बघता.

विमानं सुरू झाल्यावर ते नागपूरला गेले. कुत्री आता मी नेते. कालच बर्फ पडलाय. दिवेलागणीला मीही नावं पुकारते, आणि तिघं तोंड वर करून माझ्या हातातल्या फोनकडे बघत राहतात.

तू ये गं लवकर. थंडी सरायच्या आत ये. मी नाव पुकारल्यावर हजर म्हणायला कुणीतरी हवं.