सासूबाईंसमवेत मनोरा सर केल्याची हकीकत

सकल सुज्ञ वाचणारांस विदित व्हावे की, गेले रविवारी जुन्या किल्ल्यावर जी मोहीम जाहली, तिची साद्यंत हकीकत येथे लिहिली असे. लिहिणार आम्ही, लढणारही आम्हीच. सबब पराक्रम कोठे फुगला असल्यास वाचणारांनी आपले मते उतरवून घ्यावा.

मोहिमेचे कारण ऐसे की, आमच्या सासूबाई, ज्यांनी हयातभर लोकांचे कपडे शिवून लेकीस वाढविले, त्यांचे मनी आले की किल्ल्यातील संग्रहालयात कोण्या राणीचा भरतकामाचा झगा आहे, तो एकवार डोळां पाहावा. मग कुटुंबाचे फर्मान सुटले आणि आम्ही पाण्याच्या बाटल्या व छत्री घेऊन कूच केले. दरवाजाशी तिकिटे काढिली आणि आत पाऊल ठेवितो तो खबर आली की, झगा मनोऱ्याचे माथ्यावरील दालनात असोन वाट गोल दगडी जिन्याची आहे.

हे ऐकताच आमचे काळजाचे पाणी जाहले. कारण उंचीचे भय आम्हांस फार. माळ्यावरची बॅग काढणे झाले तरी स्टूल धरावयास कुटुंब लागते. परंतु सासूबाईंपुढे अब्रू जाते, म्हणोन मुत्सद्देगिरी आरंभिली. तळमजल्यास तोफगोळे, खोगिरे, गंजली कुलुपे ऐशी मांडणी होती. तेथे काचेकाचेपुढे मुक्काम केला, आणि एका कुलुपाची पाटी वाचिली, मग चष्मा पुसोन तीच पुन्हा वाचिली, आणि गंभीर मुद्रेने मान डोलाविली.

इतक्यात पहारेकऱ्याने पुकारा केला की वरचे दालन आता बंद होणार. तेव्हां कुटुंब कडाडले, "अहो, कुलूप विकत घ्यायचंय का? आई ताटकळलीय!"

मग नाइलाजे चढाई केली. आघाडीस कुटुंब, मध्ये सासूबाई, त्यांचे पाठीशी आम्ही, आणि आमचे मागे अनोळखी फौज. पायऱ्या झिजलेल्या, आधारास एक दोर, आणि भिंतीचे फटीतून झाडांचे शेंडे खाली दिसो लागले. कुटुंब वळणापलीकडे दिसेनासे जाहले, आणि ऐन मध्यावर आमचे पाय दगडास जे चिकटले ते हालेनात. मागून एक गृहस्थ गरजले, "काय झालं? चला ना पुढे!" आम्ही उत्तरादाखल दोर दोन्ही हातांनी आवळिला.

सासूबाई थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "जावईबापू, डोळे मिटा आणि माझी पिशवी धरा."

आम्ही नेत्र मिटिले, पिशवी धरिली, आणि लाज त्याच पायरीवर टाकोन चढत गेलो. शेवटी नसलेल्या पायरीवर पाय टाकोन धडपडलो, तेव्हां कळले की माथा आला. डोळे उघडितो तो सासूबाई भिंतीस टेकोन, स्वतःचे डोळे गच्च मिटून उभ्या!

"आलो का वर?" त्यांनी विचारिले.

"आलो. पण तुम्ही का डोळे मिटलेत?"

"मग काय करू? मलाही भीती वाटते. भिंत चाचपत आले."

मग उभयतां झग्यापुढे गेलो. सासूबाईंनी काचेस नाक लाविले आणि टाके एकेक करोन न्याहाळिले. मग तेथे आधीच पोहोचलेल्या लेकीस म्हणाल्या, "किती दिवस मान मोडून बसली असेल गं ती शिवणारी." राणीचा विषयही त्यांनी काढिला नाही.

तो पहारेकरी किल्ल्या वाजवीत आला, आणि उतरणे प्राप्त जाहले. जिन्याचे तोंडाशी आम्ही पुन्हा गारठलो. लग्नापासून आजवर सासूबाईंनी आम्हांस अहो-जाहो सोडोन हाक मारिली नव्हती. त्यांनी आमचे मनगट धरिले आणि म्हणाल्या, "चल रे. मीट डोळे."

येणेप्रमाणे मनोरा फत्ते जाहला. कोणी कोणास नेले याचा निवाडा होईना, सबब यश उभयतांचे नावे लिहिले असे. लूट काही आणिली नाही. परंतु आम्हां खाशांस 'रे' हा किताब त्याच जिन्यावर बहाल जाहला, आणि तो मस्तकी धरोन आम्ही डोळे मिटून गड उतरलो.