अकराची चिठ्ठी
"एकतीस तारखेपर्यंत तुहा प्रोग्राम यवतमाळच्या नव्या यंत्रणेवर नाई चालला, तं तुह्या ठेक्याचं काई खरं नाई बाबू," असं म्हणत वामनरावांनी पत्र संघदीपसमोर टाकलं.

दारव्ह्याच्या खरेदी केंद्रात वामनराव साहेब, संघदीप चिठ्ठ्यांच्या खिडकीत बसणारा, ठेक्यावरचा संगणकवाला. कापूस आणणाऱ्यांना मोजणीच्या तारखेची चिठ्ठी देणारा प्रोग्राम त्यानं स्वतः पीएचपी या संगणकभाषेत लिहिला होता. आता यवतमाळच्या मुख्य कार्यालयानं भलत्याच कंपनीची यंत्रणा घेतली, अन् तिथं पीएचपीला कुणी उभं करीना. नव्यानं लिहायचं तर सहा महिने, हातात दिवस बारा. आणि घरी दीपमालाला सातवा महिना.

"कायले सुकून राह्यले?" दीपमाला म्हणाली. "काई ना काई निघंन."

आणि निघालं की! इंटरनेटवर फुकटचा एक कंपायलर सापडला. परदेशातल्या कुणा भल्या विद्यार्थ्यांनी केलेला, कोडसुद्धा सगळ्यांना खुला. इकडून पीएचपी घाला, तिकडून तोच प्रोग्राम दुसऱ्या यंत्रणेवर चालू. संघदीपनं घातला आणि चालला, अगदी जसाच्या तसा. तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

दारव्ह्याला रोज अकराला लाइन जायची, ती तीनला यायची. संगणक बॅटरीवर चाले, वजनाचा काटा मात्र बंद. म्हणून संघदीपनं कधीकाळी प्रोग्राममध्येच लिहून टाकलं होतं, अकरानंतर येईल त्याला उद्याची तारीख. केंद्रावर ते इतकं अंगवळणी पडलं की तो स्वतःच विसरला. विसरावं माणसानं, पण इतकं?

बाराव्या दिवशी यवतमाळहून सोळा केंद्रांवर प्रोग्राम सुरू झाला. तिथल्या मोठ्या साहेबांच्या खोलीत पंखा गरगरत होता, सगळीकडचे काटे चालू होते. अकरा वाजले आणि सोळाही केंद्रांवर एकदम उद्याच्या चिठ्ठ्या निघू लागल्या. फोनवर फोन!

मुद्दाम यवतमाळला आलेला संघदीप पुढं सरकला. "साहेब, माही चूक हाये. एकच ओळ हाये, आत्ता काढतो."

"हात लावू नका!" साहेब खेकसले, मग हळूच म्हणाले, "पोत्यांचा बारदाना संपलाय, गोदामं भरलीत. आज माप होणार नाही हे लोकांना कोणत्या तोंडानं सांगू, या चिंतेत मी चार दिवस जेवलो नाही. तुमच्या प्रोग्रामनं परस्पर सांगून टाकलं. हाच ठेवायचा."

संघदीपचा जीव भांड्यात पडला. "मंग साहेब, माहा ठेका?"

"तेच बघतोय. खिडकीत माणूस असला की लोक त्याची कॉलर धरतात. यंत्राशी कोण भांडणार? खिडकीवरची सगळी माणसं कमी करू. तुम्हीही त्यात आलात. पण काम झकास केलंत हो!"

संध्याकाळी तो दारव्ह्याला उतरला. केंद्राबाहेर माणसं हातात चिठ्ठी धरून गाड्यांवर बसून होती. खरंच कुणी भांडत नव्हतं.

दीपमाला दारातच उभी होती. "काय झालं वो? चाललं नाई काय?"

"चाललं वं," तो चपला काढत म्हणाला. "कोणालेच त्यात चूक नाई दिसली."