चार पावलांचं नेटवर्क

सरोजची चार पावलं वाचवावीत, एवढाच माझा हेतू होता.

१९९६ साली आम्ही कल्याणला चाळीतल्या दोन खोल्यांत राहायचो आणि दोन्हीत एकेक जुना कॉम्प्युटर होता. (एक ऑफिसने भंगारात काढलेला, दुसरा मी भंगारातून काढलेला.) सरोज आत बसून शाळांचे पेपर टाइप करायची आणि फ्लॉपी घेऊन बाहेर यायची, कारण प्रिंटर बाहेरच्याला जोडलेला. मी म्हटलं, दोन्हीत नेटवर्क कार्ड घालतो, वायरीने जोडतो, बसल्या जागी छाप. हे मी बाळकुमहून आलेल्या सासूबाईंसमोर म्हटलं, तिथेच फसलो.

सकाळी बाहेरच्यात कार्ड बसवलं आणि प्रिंटर मुका झाला. कार्ड काढलं की चालायचा, घातलं की बंद. सरोजचा पेपर साडेनऊला मोहने गावातल्या शाळेत पोचायचा होता. नाही पोचला तर त्या शाळेचं काम कायमचं गेलं. ती म्हणत होती, काढा ते, मला छापू द्या. मी आपला, दोन मिनिटं थांब. अशी दोन मिनिटं मी सव्वा तास घेतली. आज सांगतानाही लाज वाटते, पण सासूबाईंसमोर कार्ड परत काढायचं माझ्या जिवावर आलेलं.

नऊ वाजता सरोज कोरा कागद घेऊन हाताने पेपर लिहायला बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाईंनी विचारलं, नक्की अडलंय कुठं? मी पुस्तकात बघून सांगितलं की कार्ड आणि प्रिंटर दोघेही एकच नंबर मागतायत.

"मग नळावरचंच भांडण की," त्या म्हणाल्या. "एका नंबरावर दोन हंडे लागले की पाणी कुणालाच नाही. जुन्याला राहू द्या. नव्याला मागं सरकवा, जावईबापू."

कार्डावर नंबर बदलायची तांदळाएवढी टोपी होती. ती एक घर सरकवली. प्रिंटर करकरला, पेपर निघाला, सरोज रिक्षाने धावली आणि वेळेत पोचली.

मी ताठ मानेने दुसरं कार्ड घेऊन आत गेलो. आतला कॉम्प्युटर त्याहून जुना. खाच आखूड, कार्ड लांब. बसेचना.

तेव्हापासून फ्लॉपी आतून बाहेर मीच नेऊ लागलो. सासूबाई बाळकुमला सगळ्यांना सांगायच्या, आमचे जावई नेटवर्कचं काम करतात.