शोकविभागातली शेवंती

लग्नात नवरीच्या हातात फुलं असावीत, एवढीच अपेक्षा पूर्वी असे. ती कुठून आली हे कोणी विचारत नसे. आता काळ सुधारला आहे. माझ्या लेकीचं लग्न ज्या सभागृहात ठरलं, त्याच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे : ‘बाहेरील खाद्यपदार्थ, पाळीव प्राणी व फुले आत आणण्यास सक्त मनाई आहे.’

लेकीचं म्हणणं साधं होतं. तिची आई गेल्या थंडीत गेली. आमच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत तिने लावलेली पांढरी शेवंती आहे. ती गेल्यावर शेवंतीही जाईल असं मी धरून चाललो होतो, कारण मला झाडांतलं काही कळत नाही. मी आयुष्यभर पाण्याचे पंप दुरुस्त केले. पण शेवंती काही गेली नाही. यंदा डबे भरून कळ्या आल्या.

“बाबा,” लेक म्हणाली, “हॉल तुम्ही ठरवा, जेवण सासरच्यांना ठरवू दे, कपडे आत्याला ठरवू दे. माझ्या हातात फक्त आईची शेवंती हवी. बाकी माझं काही मागणं नाही.”

एकच मागणं असल्यामुळे ते पुरं होणं अवघड जाणार, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. दहा गोष्टी मागितल्या असत्या तर त्यातल्या चार तरी पदरात पडल्या असत्या.

सभागृहाच्या व्यवस्थापकाने सांगितलं, की फुलं आमच्या अधिकृत कंपनीकडूनच घ्यावी लागतील. म्हणून मी, लेक आणि माझी थोरली बहीण असे तिघं कंपनीत गेलो. फुलांच्या त्या कचेरीत एकही फूल नव्हतं. टेबलावर प्लास्टिकचं झुडूप होतं आणि त्यामागे एक बाई होती. तिच्या छातीवरच्या पट्टीवर ‘पुष्पसल्लागार’ लिहिलेलं होतं. खऱ्या फुलांनी आपल्याला शिंका येतात, असं तिने आम्हाला बसवता बसवताच सांगून टाकलं.

तिने माझा फोन नंबर संगणकात घातला आणि तिचा चेहरा उजळला.

“अय्या, काका! तुम्ही तर आमचे जुने ग्राहक! गेल्या वर्षी मोठं पुष्पचक्र नेलं होतंत. कसं वाटलं?”

“मला काही बरं वाटलं नाही,” मी म्हणालो. “पण जिच्यासाठी नेलं तिची तक्रार आली नाही.”

“थँक्यू काका!” म्हणून तिने ते टाइप केलं. ताईने मला कोपराने ढोसलं.

मग मी शेवंतीचं काढलं. बाईने आवाज एकदम खाली आणला. औषधाच्या दुकानात मी काही भलतंच मागितलं असावं, तशी ती इकडेतिकडे बघू लागली.

“पांढरी? काका, पांढरी शेवंती शोकविभागात येते.”

“म्हणजे काय?”

“आमच्याकडे दोन विभाग आहेत, आनंद आणि शोक. माल एकाच गाडीतून येतो, एकाच थंड खोलीत राहतो. फक्त मधोमध जमिनीवर पिवळी पट्टी मारली आहे. पट्टीच्या पलीकडे गेलेलं फूल परत येत नाही.”

“माणसासारखंच की,” ताई म्हणाली.

“गुलाबाची बदली होऊ शकते,” बाईने समजावलं. “शेवंती मात्र शोकात कायम झालेली आहे.”

“पण फुलाला काय कळतं, आपण कुठल्या विभागात आहोत ते?” लेकीने विचारलं.

“फुलाला कळायची गरजच नाही, मॅडम. पाहुण्यांना कळतं.”

मी म्हणालो, की आम्हाला तुमची शेवंती नकोच आहे, आमच्या घरची आहे.

“घरची म्हणजे बाहेरचीच ना, काका.” बाई मायेने बोलत होती, अगदी लहान मुलाला समजवावं तशी. “पण हरकत नाही. ती तुम्ही आमच्याकडे जमा करू शकता. जमा केली की ती आमची झाली, मग ती बाहेरची राहत नाही.”

“मग पोरीला हातात धरता येईल?”

“नाही ना. आमची झाली की ती शोकविभागात जाणार.”

ताई व्यवहाराला पक्की. ती म्हणाली, “मग रंगवून घ्या, गुलाबी करा, म्हणजे मिटलं.” बाईने वरच्या मजल्यावर फोन लावला. पलीकडून बराच वेळ विचार झाला. शेवटी उत्तर आलं, की गुलाबी शेवंतीला हरकत नाही, मात्र ती आधी पांढरी नव्हती असं मुलीच्या वडिलांनी शपथेवर सांगावं. लेक खुर्चीवरून उठलीच.

घोडं इथे अडलं तेव्हा आम्ही विहीणबाईंना गाठलं. विहीणबाई मनाने फार चांगल्या आहेत. चांगल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हीच त्यांच्याशी वागण्यातली मोठी अडचण आहे. त्यांनी लग्नासाठी ‘निसर्ग’ ही थीम धरलेली होती.

“आणि निसर्ग म्हटल्यावर खरी फुलं नकोतच हो,” त्या म्हणाल्या. “खरी फुलं फोटोत दमलेली दिसतात. निसर्ग कसा, टवटवीत हवा.”

त्यांच्यासोबत पुन्हा कचेरीत जावं लागलं. कंपनीकडे ‘निसर्ग’ तयारच होता. कापडाची फुलं होती, त्यांवर डिंकाचे दवबिंदू होते आणि वरून ओल्या गवताच्या वासाचा फवारा मारून मिळत होता. एका फुलावर फुलपाखरू बसवलेलं होतं. त्याच्या पोटात बॅटरी होती आणि ते पंख हलवताना आमच्या जुन्या पंपासारखं घरघरत होतं. लेकीच्या हातात त्या फुलांचा गुच्छ देऊन बाईने तिला धरण्याचं शिक्षण दिलं. कोपर अंगालगत हवं. गुच्छ पोटाशी हवा. चेहऱ्यावर हसू हवं, पण फुलांवरची नजर आपल्याकडे ओढून घेईल इतकं नको.

“मला आईची शेवंती हवीय,” लेक म्हणाली. आता तिचा आवाज ओला झाला होता.

त्याबरोबर बाईचा हात छातीवर गेला. “अगं बाई! मग तुम्ही आधी का नाही सांगितलं आई नाहीत म्हणून? त्यासाठी आमची वेगळी सुविधा आहे. अनुपस्थित पालक सुविधा!”

सुविधा अशी होती. सभागृहात दिवंगत आईसाठी एक रिकामी खुर्ची ठेवायची आणि ती फुलांनी मढवायची. खुर्ची ही मुळात शोकविभागाची वस्तू. ती काही तासांसाठी आनंदविभागात प्रतिनियुक्तीवर येते, म्हणून तिच्यावर पांढरी शेवंती चालते. आम्ही घरची फुलं जमा केली तर तीच वापरतील. फक्त दोन विभागांचा संपर्क होऊ नये म्हणून खुर्चीभोवती दोर लावतात. नवरीने आत हात घालायचा नाही. दोर मखमली असतो, हे बाईने मुद्दाम सांगितलं.

“फक्त एक विचारते, राग मानू नका,” ती म्हणाली. “त्या नक्की येणार नाहीत ना? आयत्या वेळी खुर्ची बसायला लागली तर पंचाईत होते.”

“अजून तरी तसं काही कळवलेलं नाही,” मी म्हणालो.

तिने समाधानाने मान हलवली.

विहीणबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांना कल्पना इतकी आवडली, की खुर्ची कुठे ठेवायची यावर त्यांची आणि ताईची तिथल्या तिथे जुंपली. ताईला ती पहिल्या रांगेत हवी होती. विहीणबाई म्हणाल्या, “समोर नको, सूनबाईंना रडू येईल, मेकअप जाईल.” ताई म्हणाली, “मग काय मागे? लोक म्हणतील मेल्यावरही मागेच बसवली.” अखेर खुर्ची नवरीच्या प्रवेशाच्या वाटेवर ठेवायचं ठरलं, जिथे ती सगळ्यांना दिसेल आणि कोणाला आड येणार नाही. बायको असताना नात्यातल्या लग्नांत ती स्वयंपाकघराजवळच्या खुर्चीत बसायची आणि कोणी आलं की उठून जागा द्यायची. तिच्या बसण्याविषयी एवढी चर्चा मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

खुर्ची भरगच्च दिसली पाहिजे, विरळ दिसली तर आईविषयी गैरसमज होतो, असं कंपनीचं म्हणणं पडलं. म्हणजे गॅलरीतली सगळीच फुलं द्यावी लागणार होती. लग्नाच्या सकाळी लेक कात्री घेऊन बसली आणि एकेक फूल तोडून माझ्या हातातल्या टोपलीत टाकू लागली.

“त्यातलं एक पर्समध्ये लपव,” मी म्हणालो.

“दारावर पर्स उघडून बघतात बाबा. परवा एका नवऱ्याच्या खिशातला गुलाब काढून घेतला म्हणे.” शेवटचं फूल तोडताना ती थांबली. “सगळी जाऊ देत. मला एकच पुरे. मी आत येताना तुम्ही आईच्या खुर्चीपाशी उभे राहा. दोर जरा वर करा. मी वाकून एक काढते आणि त्या कापडाच्या गुच्छात खोचते. कळणार पण नाही कोणाला.”

मी उभ्या जन्मात कधी रांग मोडली नाही. पण हो म्हणालो.

ठरल्या वेळी मी खुर्चीपाशी जाऊन उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, खुर्ची छान दिसत होती. सबंध पाठ शेवंतीने भरली होती. वर पाटी होती, ‘आई, तू इथेच आहेस’, आणि खाली कंपनीचा फोन नंबर. पलीकडच्या दारात लेक तयार उभी होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मी दोराला हात घातला.

तेवढ्यात विहीणबाईंनी माइक हातात घेतला. हे कार्यक्रमात नव्हतं, त्यांना आतून आलं. “आज माझ्या सुनेची आई आपल्यात नाही,” त्या म्हणाल्या, “पण तिने स्वतःच्या हातांनी लावलेली फुलं तिथे आहेत. घटकाभर त्यांच्याकडे बघा.” एवढं बोलून त्यांनी माइक खाली ठेवला. अख्खं सभागृह हुंदके देऊ लागलं. मग लोक नुसते बघत बसले नाहीत, उठून आले.

पहिलं फूल माझ्या बहिणीनेच काढलं. “माझ्या भावजयीची आठवण,” म्हणून तिने दोराखालून हात घातला आणि ते डोळ्यांना लावून पर्समध्ये ठेवलं. तिच्यामागून बाकीचे. मी पुढे सरणार, तोच कोणीतरी मला मिठी मारली.

“सोडा मला,” मी म्हणालो.

“रडा. रडून घ्या. मोकळं वाटतं.”

“रडायचं नाहीये मला. तिकडे जायचंय.”

“कुठे जाणार तुम्ही आता? आम्ही आहोत ना!”

एकाने सोडलं की दुसरा धरत होता. माणसं खरोखर प्रेमाची होती. एका खांद्यावर कोणी हुंदका देत होतं, दुसऱ्या बाजूला कोणी माझा हात दाबत होतं, आणि त्यांच्या डोक्यांवरून मला खुर्चीची पाठ दिसत होती. आधी तिची कडा उघडी पडली, मग मधला भाग. मी पुष्पसल्लागार बाईला हाक मारली. ती धावत आली, तिने पाहणी केली आणि मला धीर दिला.

“काळजी करू नका काका. मनाई नवरीला आहे, पाहुण्यांना नाही. स्मृती म्हणून फूल नेणं सुविधेत धरलेलंच आहे. उलट छान चाललंय, बघा!”

वाद्यं वाजू लागली. लोक जागेवर परतले आणि मी मोकळा झालो. लेक वाटेने चालत आली. कापडाचा गुच्छ तिने पोटाशी धरला होता, फुलपाखरू घरघरत होतं. ती खुर्चीपाशी थांबली. खुर्चीवर ओला स्पंज होता आणि त्यात हिरवे देठ.

तिने माझ्याकडे बघितलं. दुसरं काही सुचेना, म्हणून मी ठरल्याप्रमाणे दोर वर केला.

ती खाली वाकली. बराच वेळ स्पंजमध्ये बोटं फिरवत राहिली. मग मागून विहीणबाई हलकेच म्हणाल्या, “चल बाळा, सगळे उभे आहेत,” आणि ती गेली.

लग्न चांगलं झालं. सगळे तसंच म्हणतात. पुढे काही दिवस मी ओळखीच्यांना फोन करून बघितला, की त्यातलं एखादं फूल कोणाकडे राहिलं आहे का, सुकलेलं असलं तरी चालेल, पोरीला द्यायचंय. सगळ्यांना फार वाईट वाटलं. लोक असे कसे वागू शकतात, असं प्रत्येकाने विचारलं. आपण स्वतः घेतलं, असं कोणीच म्हणालं नाही. तुम्हालाही आत्ता हे वाचताना वाईट वाटलं असेल. वाटणारच, तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

काल लग्नाचे फोटो आले. खुर्चीपाशी तुमचाही एक आहे, फार बोलका आलाय. एका हाताने तुम्ही डोळे पुसताय. दुसरा हात दोराच्या आत आहे.