पंधराव्या फेरीतला डावा हात

"पडला! देवचंदभाऊ, तुमचा अली पडला!"

फुलचंदशेठ हातातला पेपर फडफडवत गादीवर उभेच राहिले. पारोळ्याच्या बाजारपेठेतलं त्यांचं कापडाचं दुकान दुपारी सुस्तावलेलं असे. मुंबईचा पेपर एस.टी.नं त्याच सुमारास यायचा आणि पोस्टातले कारकून देवचंद बैसाणे डबा खाऊन गादीच्या कडेला येऊन बसायचे. नऊ वर्षं हा क्रम चुकला नव्हता. दोघांचा वादही गेली सात वर्षं एकच होता: जगातला सगळ्यात मोठा मुष्टियोद्धा कोण?

शेठ तरुणपणी मुंबईला मामाकडे राहिले होते, तेव्हापासून ते अमेरिकेच्या जो लुईचे भक्त. मुंगीलासुद्धा फुंकर घालून बाजूला करणारा हा माणूस लुईच्या लढती तारखांसकट सांगायचा. "जवळजवळ बारा वर्षं अजिंक्य! पंचवीस वेळा पद राखलं. मोठेपण म्हणजे टिकणं, देवचंदभाऊ."

देवचंद आठ वर्षं फौजेत होते. तिथे दोनदा रिंगणात उतरले आणि दोन्हीदा हरले. ते अलीचे. "टिकायला काय, खुर्ची धरून कोणीही टिकतं. यानं लढाईवर जायला नकार दिला, त्यात पद गेलं, साडेतीन वर्षं लढू दिलं नाही. हातातलं काय काय सोडलं, त्यावर माणूस मोजायचा, शेठ."

आणि एकाहत्तरच्या मार्चमधल्या त्या दुपारी पेपरात आलं होतं की अली फ्रेझियरकडून हरला.

"पडला, पण उठला," देवचंद हळूच म्हणाले.

"पडला ना पण! पंधराव्या फेरीत. फ्रेझियरचा डावा हात असा खालून आला..."

शेठनी डावा हात मागे घेतला. गादीवर मघाच्या गिऱ्हाइकाला दाखवलेलं साटीन तसंच पसरलेलं होतं. शेठचा पाय त्यावरून सटकला आणि हवेत थांबायचा हात थेट देवचंदांच्या उजव्या डोळ्यावर जाऊन बसला. देवचंद मागच्या मागे छिटाच्या गठ्ठ्यावर कोसळले.

नेमकी त्याच क्षणी भाजी विकणारी आक्काबाई खण घ्यायला पायरी चढत होती. तिनं ऐकलं ते "पडला ना", आणि पाहिला तो शेठचा हात. खण तसाच राहिला. आक्काबाई आल्या पावली बाजारात परतली.

"वं माय! शेठनी देवचंदभाऊले मारं! मी आपला डोयानी देखं!"

बाजाराचा दिवस होता. बातमी भाजीच्या ओळीतून निघून गुरांच्या बाजारापर्यंत गेली, तेव्हा एका ठोशाचे चार झाले होते. देवचंद डोळ्यावर ओला रुमाल धरून पोस्टात जाऊन बसले, तर खिडकीशी रांग लागली. त्या तासाभरात जेवढी कार्डं खपली तेवढी दिवाळीतही खपत नसत. प्रत्येक जण कार्ड घेई, डोळा बघे आणि विचारी, "काय झालं?"

"काही नाही, लागलं जरा," देवचंद म्हणत. त्यामुळे तर लोकांची खात्रीच पटली.

शेवटी अभिमन आला. देवचंदांच्या वस्तीतला हा पंचविशीतला कार्यकर्ता. मतदान नुकतंच आटोपलं होतं आणि त्याचा घसा अजून मोकळा झाला नव्हता.

"नाना, खरं सांगा. कोणी मारलं?"

"अरे, मारलं नाही. फ्रेझियरनं कसं मारलं ते शेठ दाखवत होते."

"हा फ्रेझियर कोण? कुठला?"

"अमेरिकेतला."

"अमेरिकेतल्यानं मारलं आणि डोळा पारोळ्यात सुजला?" अभिमनचा आवाज चढला. "नाना, तुम्ही कोणाला भिता? असं 'लागलं जरा' म्हणत म्हणतच आपली माणसं मेली."

देवचंदांनी डोळ्यावरचा रुमाल उलटा केला. त्यांचे वडील चिंधा एकदा असेच सुजलेल्या तोंडानं घरी आले होते. गाडीवरून पडलो, म्हणाले होते. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की त्या दिवशी ते गाडीवर बसलेच नव्हते. अभिमन चुकतोय हे देवचंदांना कळत होतं, आणि तो का चुकतोय हेही कळत होतं. म्हणून त्यांना त्याच्यावर रागावता येईना.

तोवर अभिमन बाहेर पडलाही. मागे पंधरा माणसं होती, दुकानापर्यंत पोचताना चाळीस झाली. चाळीस माणसं येताना पाहून शेजारच्या दुकानदारांनी भराभर फळ्या लावल्या. फळ्या लागताना पाहून बाजारातली बायामाणसं टोपल्या उचलून पळाली. पळापळ पाहून आणखी दोनशे माणसं दुकानासमोर जमली. त्यातल्या निम्म्यांना कशासाठी जमलोय हे माहीत नव्हतं.

दुकानाच्या वरच्या मजल्यावरून शेठची बायको तारादेवी खाली आल्या. "तुम्ही डास मारत नाही, आणि माणसाला मारलं?"

"अगं, पाय सटकला!" शेठ रडकुंडीला आले होते.

देवचंद धापा टाकत गर्दीतून वाट काढून पायरीवर चढले. त्यांचा डोळा आता पुरता मिटला होता. ते पाहून गर्दी आणखी खवळली. देवचंदांनी दोन्ही हात वर केले.

"ऐका! आमचा वाद होता. एका काळ्या माणसावरून. त्यानं जुनं नाव टाकलं. म्हणाला, हे गुलामीतलं नाव आहे. धर्म बदलला. लढाईवर जा म्हणाले, गेला नाही. त्याचं होतं नव्हतं ते काढून घेतलं. तो परवा पंधराव्या फेरीत पडला. मला वाईट वाटलं, शेठना आनंद झाला. एवढंच झालं."

मागचे लोक टाचा उंचावून ऐकू लागले. नाव टाकणं आणि धर्म बदलणं म्हणजे काय, हे तिथल्या कितीतरी जणांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अभिमन शेठकडे वळला. "अशा माणसाच्या पडण्याचा तुम्हाला आनंद झाला? मग तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

तारादेवींनी मागून हळूच शेठचा सदरा ओढला. काय म्हणायचं ते अगदी सरळ होतं. 'अली' ही दोन अक्षरं उच्चारली की सुटका होती. शेठनी गर्दीकडे पाहिलं, देवचंदांच्या डोळ्याकडे पाहिलं.

"मी जो लुईचा," ते म्हणाले.

अभिमन एक पायरी वर चढला.

"तोही काळाच होता," शेठ घाईनं सांगू लागले. "बाप कापसाच्या रानात राबणारा. बारा वर्षं त्याला कोणी हरवलं नाही. पण समोरच्याला पाडून हा कधी हसला नाही. गुपचूप आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा."

"हसायची सोय नव्हती त्याला," देवचंद मध्येच म्हणाले. "गोऱ्याला पाडून काळा हसला असता, तर पुढची लढत मिळाली नसती. तो गप्प राहिला, म्हणून दुसऱ्याला बोलता आलं."

"म्हणजे लुई मोठा! मान्य करा!"

"पण बोलला कोण? अली!"

"लुईशिवाय..."

"शेठ, साडेतीन वर्षं!"

दोनशे माणसांसमोर दोघं पुन्हा जुंपले. अभिमन आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. मग मागे वळून म्हणाला, "चला रे. खोटं बोलायचं असतं तर हा माणूस आत्ता अली म्हणाला असता."

लोक पांगले. काही जण जाताना थोडे हिरमुसलेलेच होते.

दुकानात शांतता झाल्यावर तारादेवी म्हणाल्या, "हात चुकून लागला, ते समजलं. पण कोणी पडला म्हणून नाचलात, ते चुकून नव्हतं. जा, माफी मागून या."

शेठ निघाले, आणि वस्तीच्या तोंडाशी आल्यावर थबकले. देवचंदांचं घर कोणतं, हे त्यांना माहीत नव्हतं. नऊ वर्षांत देवचंदच दुकानात येत होते. तिकडे जायचं आपल्या कधी मनातही आलं नाही, हे शेठच्या ध्यानात आलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी घर विचारत विचारत शोधलं. त्यात उशीर झाला.

देवचंद ओसरीवर डोळ्याला हळदीचा लेप लावून बसले होते. त्यांची बायको द्रौपदाबाई आतून तांब्या घेऊन आली. "घ्या शेठ, पाणी घ्या."

शेठचा हात पुढे झाला आणि थांबला. दिवस मावळला होता. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम होता. तापातही त्यांनी तो मोडला नव्हता. त्यांनी मान वर केली. द्रौपदाबाईचा चेहरा बदलत होता. तांब्या अजून पुढे होता, पण नजर खाली गेली होती. नेम सांगितला असता तर तो खराच होता. पण खरं सांगूनही ऐकणारा भलतंच समजतो, हे शेठनी त्याच दुपारी पाहिलं होतं.

त्यांनी तांब्या घेतला आणि गटागटा रिकामा केला.

देवचंद चांगल्या डोळ्यानं बघत होते. द्रौपदाबाई आत गेल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "शेठ, दिवस मावळून दहा मिनिटं झाली."

शेठनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"तुमच्या घड्याळात," ते म्हणाले. "पोस्टाचं घड्याळ नेहमी पुढेच असतं."