मुक्काम न करणाऱ्या इंदूमावशी

इंदूमावशी कुणाकडेही मुक्काम करत नाहीत. अकलूजला सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. तिथंही अक्षता पडल्या, जेवण झालं आणि या पिशवी घेऊन उभ्या. भाऊ म्हणाला, "अगं, पोरीला वाटंला तर लावू दे." मावशी म्हणाल्या, "तुमी लावा की. माझी एस.टी. जाईल." कारण विचारलं की ठरलेलं उत्तर. "दुसऱ्याच्या उशीवर मला डोळा लागत न्हाय बाई."

शुक्रवार पेठेत त्यांच्याच घरात मी खोली घेऊन राहते. माझं गाव मोडनिंब. आमच्या घरात कॉलेजपर्यंत आलेली मी पहिलीच, म्हणून मावशींना वाटतं मला सगळं येतं. मला फारसं येत नाही, पण तसं सांगायला जमत नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा संतोष परदेशात नोकरी करतो. त्या देशाचं नाव मावशी घेत नाहीत, नुसतं 'तिकडं' म्हणतात. सुनेला दिवस गेल्याचं कळलं तसं त्यांनी जाहीर केलं, "बाळंतपणाला मी तिकडं जानार. उशी हितनं नेनार."

अकलूजहून भावाचा फोन आला. "माझ्याकडं एक रात राहत न्हाईस, आन् तिकडं तीन महिने?"

"तुज्या घरात कुनी बाळंत हाय व्हय?"

व्हिसाच्या मुलाखतीची तयारी माझ्याकडे आली. दारात खुर्ची टाकून मी साहेब व्हायचे. किती दिवस राहणार? "तीन महिने, सायेब." परत येणार कशावरून? इथं त्या दरवेळी हसायच्या.

"हसायचं नाही, मावशी."

"अगं पर, मला इचारतंय व्हय ते? मला?"

मुंबईला आम्ही रात्रीच्या गाडीनं गेलो आणि मुलाखत झाल्यावर रात्रीच्याच गाडीनं परत निघालो. तिथंही मुक्काम नाहीच. मला आत सोडलं नव्हतं. आत काय झालं ते त्यांनी गाडीत सांगितलं. काचेपलीकडच्या साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं, किती दिवस राहणार? "मी म्हनलं, सून उठून फिराया लागली की निघते. लेकाच्या घरी जाताना कुनी तारीख सांगतं व्हय?"

नकाराचा कागद इंग्रजीत होता. त्या परत येतील अशी खात्री पटत नाही, असं मी वाचून सांगितलं. "परत वाच," त्या म्हणाल्या. मी परत वाचलं. आधी त्या हसल्या, मग सगळी गल्ली हसली. समोरचे शिंपीकाका म्हणाले, "आमाला न्यायचं की साक्षीला!" दोन-तीन दिवस हे चाललं. मग कुणी हसेना.

पुन्हा अर्ज केला. या वेळी मावशींनी तीन महिने अगदी पाठ केल्यासारखं सांगितलं. तरी कागद तोच आला. म्हणजे चूक त्या उत्तराची नव्हती. मग कशाची होती, ते मला अजून कळलेलं नाही.

"मग तूच ये की लेकरा," त्या संतोषला म्हणाल्या.

"आई, माझ्या व्हिसाची मुदत वाढवायला कागद दिलेत. आता बाहेर पडलो तर परत आत घेतील का, सांगता येत नाही."

मावशींनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "मला म्हनत्यात, आलीस तर जानार न्हाईस. त्येला म्हनत्यात, गेलास तर येऊ नगंस. आमी माय-लेकरांनी भेटायचं कुटं? इमानात?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

संतोषला मुलगी झाली. मावशी तिला मोबाईलवर बघतात. बाळाला तेल लावायची सुनेला भीती वाटते. काल ती तसं म्हणाली, तर मावशी म्हणाल्या, "थांब, दावते." आणि इकडंतिकडं बघू लागल्या. घरात बाळ कुठलं?

"तू पाय लांब कर गं," त्या मला म्हणाल्या.

मी सलवार गुडघ्यापर्यंत सरकवून भिंतीला टेकून बसले. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला. मावशींनी कोमट तेल हातावर घेतलं. "गुडघ्यापास्नं खाली यायचं. दाबू नगंस, हाडं लई कवळी असत्यात." माझी हाडं एकोणीस वर्षांची होती. सून आधी हसली, मग बघून बघून करू लागली. बाळ रडत होतं, ते हळूहळू थांबलं. मावशी बारीक आवाजात काहीतरी पुटपुटत होत्या, तेवढ्यात फोन कट झाला.

"मावशी, बंद झालाय."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि माझा दुसरा पाय मांडीवर घेतला.