मुख्याध्यापकांच्या पोटावर उघडलेली चौकट

सेटिंग्जची चौकट बनवणं हा माझ्या हातचा मळ आहे, असं मी साहेबांना सांगितलं तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. "दुपारपर्यंत देतो," मी म्हणालो. कुठल्या दुपारपर्यंत, ते साहेबांनी विचारलं नाही. पुढे जे झालं त्यात थोडी चूक त्यांचीही आहे, एवढं मी नोंदवून ठेवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोग्रॅमच्या कोपऱ्यात एक दातेरी चाक असतं. ते दाबलं की एक चौकट उघडते आणि आवाज केवढा हवा, अक्षर केवढं हवं, असल्या चौकशा करते. शहाणी माणसं त्या चाकाच्या वाटेला जात नाहीत.

आमचा प्रोग्रॅम शाळेची घंटा वाजवणार होता. तास संपला की कॉम्प्युटरने आपण होऊन घंटा द्यायची आणि ती प्रत्येक वर्गातल्या स्पीकरवर ऐकू जायची. शाळाही परकी नव्हती. माझी आई तिथे गणित शिकवते. तिथली पितळी घंटा एकतीस वर्षं हाताने देणारे घंटाकाका महिनाअखेरीला निवृत्त होऊन मुलीकडे राहायला जाणार होते. गुडघे त्यांच्या आधीच निवृत्त झाले होते. आता घंटा कोण देणार, असा विषय शिक्षकांच्या खोलीत निघाला, तेव्हा आई सगळ्यांदेखत म्हणाली, "माझा मुलगा करतोय ना घंटेचं."

या वाक्याचं वजन तुम्हाला कळायचं नाही. त्याच खोलीत तिने माझ्याविषयी आजवर सांगितलेल्या गोष्टी अशा: माझा मुलगा सायकलवरून दुकानात गेला आणि चालत परत आला. माझा मुलगा मुलाखतीला आदल्याच दिवशी जाऊन बसला. माझा मुलगा मांजराला औषध पाजायला गेला आणि स्वतःच प्यायला. "माझा मुलगा" असं सुरू होऊन शेवटी कोणी हसलं नाही, असं चोवीस वर्षांतलं हे पहिलंच वाक्य होतं. आणि ते सोमवारी सकाळी साडेदहाला खरं व्हायचं होतं.

मग मला स्वस्थता कुठली? मी शाळेत जाऊन कोणाला काय हवं ते विचारून घेतलं. माणसाने असं कधी विचारू नये.

"घंटा किती सेकंद वाजू दे?" मी मुख्याध्यापकांना म्हणालो.

मुख्याध्यापक अत्यंत सज्जन. त्यांनी आयुष्यात कोणाचं मन दुखावलं नाही, कारण आयुष्यात त्यांनी कधी काही ठरवलंच नाही.

"पाच पुरेत," ते म्हणाले. "दहाही वाईट नाहीत. तुम्ही असं करा, सोय ठेवा."

खेळाचे सर म्हणाले, "आगीच्या घंटेचं काय? ती थांबता कामा नये. कोणी थांबवेपर्यंत वाजली पाहिजे."

"आग कधी लागली होती, सर?"

"लागेल की," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा होती.

संगीताच्या बाईंना ठणठणाट नको होता, बासरी हवी होती. आई मात्र वह्या तपासता तपासता, वर न बघता म्हणाली, "वाजता वाजता वीज गेली तर? राहिलेली घंटा कोण वाजवणार?"

"आई, दोन-तीन सेकंदांनी असं काय होणार—"

"शाळेत मला बाई म्हण. आणि बेरीज अर्धी सोडतात का?"

तर वीज परत आली की राहिलेली घंटा पूर्ण करायची, ही सोय. सेकंदांची सोय. आगीची सोय. बासरीची सोय. माझ्या चौकटीत अकरा कप्पे झाले. आमच्याकडे प्रोग्रॅम तपासायला एक मुलगी आहे. तिला आम्ही शंकासूर म्हणतो, कारण ती शंका काढते आणि ती खरी निघते. तिने ती चौकट पाहिली आणि म्हणाली, "यात हरवलेल्या माणसाला बाहेर काढायची सोय कुठल्या कप्प्यात आहे?"

मी दुर्लक्ष केलं. मला कलाकुसर करायची होती. मुख्य स्क्रीन सुटसुटीत दिसावी म्हणून 'घंटा थांबवा' हे बटणसुद्धा मी चौकटीच्या आतच टाकलं, नवव्या कप्प्यात, 'इतर' या मथळ्याखाली. चौकट उघडी असताना कोणी मागच्या प्रोग्रॅमला हात लावून घोळ घालू नये, म्हणून तो मागे गोठून राहील अशी व्यवस्था केली. आणि कोणीही न मागितलेली एक गोष्ट प्रेमापोटी घातली. चौकट तुम्ही जिथे सरकवून ठेवाल, ती जागा ती लक्षात ठेवणार आणि पुढच्या वेळी बरोबर तिथेच उघडणार.

"म्हणजे हिला जागेची आठवण राहते?" शंकासूर म्हणाली.

"माणसासारखी."

"पण समजा, ती जागाच तिथे—"

"समजा-बिमजा सोमवारनंतर," मी म्हणालो.

सोमवारी दहा वाजता मी शाळेत हजर. कॉम्प्युटर मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्यांच्याच टेबलाच्या उजव्या टोकाला होता. अकरा कप्पे पुन्हा कोण भरत बसणार, म्हणून माझ्या ऑफिसातल्या सगळ्या सेटिंग्ज मी जशाच्या तशा उचलून तिथे टाकल्या. घंटाकाका बाजूला उभे होते. त्यांची बॅग भरलेली होती. महिना संपायला नऊ दिवस होते, तरी बॅग भरलेली होती.

साडेदहा वाजले. घंटा वाजली. स्वच्छ, खणखणीत. मुख्याध्यापक हसले. दारातून डोकावणाऱ्या आईने इतर बायांकडे असं पाहिलं, जसं काही घंटा तिनेच घासूनपुसून दिली होती. पाच सेकंद झाले. दहा झाले. वीस झाले.

तेव्हा मला आठवलं, की शुक्रवारी मी आगीची घंटा तपासली होती आणि 'कोणी थांबवेपर्यंत' हे तसंच राहिलं होतं.

"थांबवतो," मी म्हणालो आणि दातेरी चाक दाबलं. काही उघडलं नाही. परत दाबलं. कॉम्प्युटर म्हणाला, टुंग. कुठेही दाबलं तरी टुंग. प्रोग्रॅम गोठला होता. म्हणजे चौकट उघडलेली होती. फक्त दिसत नव्हती!

बाहेर पावलांचा आवाज झाला. न थांबणारी घंटा म्हणजे आग, हे खेळाच्या सरांनी शाळेला वर्षानुवर्षं पढवून ठेवलं होतं. सातशे मुलं रांगेने मैदानात जाऊन उभी राहिली. घंटा थांबेपर्यंत जागेवरून हलायचं नाही, हाही सरांचाच नियम. आईला तिच्या वर्गाबरोबर जावं लागलं. ती रांगेच्या टोकाला उभी राहून खिडकीतून माझ्याकडे बघत होती. मी नजर चुकवली. त्यासाठी मला टेबलाखाली जावं लागलं.

टेबलाखाली आलोच होतो, तर वायर उपटली. शांतता. मैदानातली मुलं परत वळली.

"छान," मुख्याध्यापक म्हणाले. "पण मग पुढच्या तासाची घंटा?"

वायर लावली. कॉम्प्युटर जागा झाला, प्रोग्रॅम आपोआप सुरू झाला, आणि वीज गेल्यामुळे राहिलेली घंटा त्याने इमानेइतबारे पूर्ण करायला घेतली. मुलं जिन्यावरून परत मैदानात गेली. मी पुन्हा चाक दाबलं; पुन्हा नुसतं टुंग.

वायर पुन्हा उपटता आली असती. पण वायर उपटून बंद पाडलेली घंटा म्हणजे "माझा मुलगा"ने सुरू होणारी आणखी एक गोष्ट. मी शंकासूरला फोन लावला.

"आग लागलीय का?" तिने विचारलं.

"चौकट उघडलीय, पण दिसत नाहीये!"

"तुझ्या सेटिंग्ज तिकडे टाकल्यास?"

"सगळ्या."

"तुझ्या टेबलावर स्क्रीन किती?"

"दोन."

"चौकट कुठल्या स्क्रीनवर ठेवतोस?"

"डावीकडच्या."

मी तिथल्या कॉम्प्युटरच्या एकुलत्या एक स्क्रीनच्या डावीकडे पाहिलं. तिथे मुख्याध्यापक बसले होते. माझ्या चौकटीने जागा लक्षात ठेवली होती आणि ती बरोबर तिथेच उघडली होती. हिशेबाने ती त्या क्षणी मुख्याध्यापकांच्या पोटावर होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"सर, चौकट तुमच्यावर आहे."

त्यांनी कोट झटकला.

शंकासूर म्हणाली, "माऊसला हात लावू नकोस. मी इथे तीच चौकट उघडून बसते. मी सांगेन तेवढ्या वेळा बाणाचं बटण दाबायचं, मग एंटर. आधी अकरा वेळा."

घंटेच्या आवाजात मला माझंच मोजणं ऐकू येईना. काका पुढे झाले. "मी मोजतो, पोरा. एकतीस वर्षांत मोजणी चुकलेली नाही."

ते मोजत गेले, मी दाबत गेलो. सहा. सात. आठ. मग काका म्हणाले, "एक. दोन."

"काका, नऊ!"

"तास आठच असतात," काका म्हणाले.

तोवर माझ्याकडून एंटर दाबलं गेलं होतं. घंटेची बासरी झाली आणि आवाज दुप्पट झाला. मैदानातून संगीताच्या बाईंनी आनंदाने हात हलवला.

"अजून एक उपाय आहे," शंकासूर फोनवर ओरडून म्हणाली. "चौकट जिथे आहे, तिथे स्क्रीन घेऊन जा!"

विज्ञानाच्या प्रयोगशाळेतून मी स्क्रीन उचलून आणली. काकांनी वायर धरली, नवरीचा शेला धरावा तशी.

"सर, जरा उठता?"

"उठावं का?" मुख्याध्यापकांनी मला विचारलं.

"उठा," काका म्हणाले.

जिथे त्यांचं पोट होतं, तिथे आम्ही स्क्रीन मांडली आणि वायर जोडली. स्क्रीन उजळली, आणि मधोमध माझी चौकट. अकरा कप्पे, सगळं जागच्या जागी, शुक्रवारी ठेवली होती तश्शी. नववा कप्पा. इतर. थांबवा.

इतकी शांतता झाली की भिंतीवरच्या घड्याळाचंही ऐकू आलं. अकराला दोन मिनिटं कमी होती. खेळाचे सर धावत आले. "दोन मिनिटं चाळीस सेकंदांत पूर्ण शाळा बाहेर! विक्रम आहे! परत कधी करायचं?"

त्यांच्यामागून आई आली. हातात खडू तसाच होता.

"बाई," मी म्हणालो.

"आई म्हण," ती म्हणाली. "आता लपवून काय उपयोग."

मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. "तर हा प्रोग्रॅम ठेवायचा, की काकांनाच अजून वर्षभर—"

काका मटकन खुर्चीत बसले. मुख्याध्यापकांच्याच.

आईने काकांच्या भरलेल्या बॅगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "काका ठरल्याप्रमाणे जातील," ती म्हणाली. "प्रोग्रॅम नीट होईपर्यंत घंटा हा देईल. हाताने."

त्या खोलीत कोणीतरी काहीतरी ठरवलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. तिचं वाक्य संपायच्या आत काकांनी हातोडी माझ्या हातात दिली होती.

"मनगट सैल ठेव," त्यांनी बजावलं. "आणि मारताना विचार करायचा नाही. विचार केला की दोनदा लागते."

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. काका मुलीकडे मजेत आहेत. दुरुस्ती तर मी दुसऱ्याच आठवड्यात करून ठेवली. आता चौकट उघडायच्या आधी बघते, की आपण उघडणार तिथे स्क्रीन आहे की कोणाचं पोट. शंकासूरने तीन दिवस तपासलं आणि तिला एकही शंका सापडली नाही. त्या धक्क्यातून ती अजून सावरलेली नाही. मुख्याध्यापकांना विचारलं, बसवू का? ते म्हणाले, बसवा, किंवा राहू दे.

बसवणारच होतो. बसवायलाच निघालो होतो. पण शिक्षकांच्या खोलीवरून जाताना आत आई कोणा नव्या बाईंना सांगत होती, "माझा मुलगा देतो ना घंटा. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही."

मी दाराबाहेर उभा राहून वाट पाहिली. कोणी हसलं नाही.

साहेब रोज फोन करून विचारतात, शाळेचं कुठवर आलं? मी सांगतो, दुपारपर्यंत देतो. त्यांनी अजूनही कुठली दुपार ते विचारलेलं नाही.

थांबा हं, चौथा तास संपला.